वडिलांच्या डिस्चार्ज बुकात १९७१ ची पदकंच नाहीत. नोंद दुरुस्त करून घेतलीय का कुणी?

करवीरचा_पोरगा

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात (करवीर तालुका) ग्रामपंचायत माजी सैनिकांच्या नावांचा फलक लावणार आहे. नाव, हुद्दा, रेजिमेंट आणि पदकं. ग्रामसेवकांनी डिस्चार्ज बुकाची (सैन्यातून सुटताना मिळतं ते नोंदबुक) झेरॉक्स मागितली म्हणून वडिलांचं बुक काढलं, तर पदकांच्या रकान्यात दोनच नोंदी. सैन्य सेवा मेडल, जम्मू-काश्मीर क्लॅस्पसह (रिबनीवरच्या पट्टीसह), आणि नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल.

वडील १९६४ ला भरती झाले, १९८१ ला हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. १९७१ च्या डिसेंबरात ते पूर्वेकडं होते. त्यांच्या पेन्शनीच्या आधीच्या फोटोत छातीवर दोनापेक्षा जास्त रिबनी दिसतात. विचारलं तर म्हणाले, "रिबनी युनिटात मिळाल्या, मेडलं मागनं येतील म्हणाले, आली न्हाईत." विषय संपला!

आता वय ऐंशीच्या पुढं आहे. त्यांना स्वतःला यात काडीचा रस नाही, पण मला आहे. ही नोंद आता दुरुस्त होते का? कुणी केलीय का? वडील कुठल्या शाखेत होते ते मुद्दाम लिहीत नाही, कारण एकदा पत्र पाठवून उत्तर आलेलं नाही आणि इथं त्या ऑफिसची बदनामी करायची नाही.

रंकाळ्याचा_वारा

फोटो टाका की भावा. रिबनीच्या रंगावरनं कळतंय कुठलं मेडल ते.

करवीरचा_पोरगा

फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे. 😀

रंकाळ्याचा_वारा

मग राहू दे. सगळी मेडलं करड्या रंगाची.

निवृत्त_हेडक्लार्क

फौजेत माझी सगळी नोकरी कागदातच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे ठरवा की अडचण नेमकी कुठली आहे. पदकाचा हक्क होता पण नोंदच झाली नाही, ही एक गोष्ट. नोंद झाली पण पदक हातात पडलं नाही, ही दुसरी. पदक मिळालं होतं आणि घरातून हरवलं, ही तिसरी. लोक एकाच अर्जात तिन्ही लिहितात, "वडिलांना मेडल द्यावे ही विनंती", आणि तो अर्ज टेबलाटेबलावर फिरत राहतो.

पदकाची नोंद कशी होते ते सांगतो. मोहीम संपली की युनिट नॉमिनल रोल तयार करतं, म्हणजे कोण कोण पात्र त्यांची यादी. त्यावरून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या नोंदींचा अधिकृत आदेश, निघते. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं त्या जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रात, नोंद चढते. पेन्शनीला जाताना डिस्चार्ज बुक भरतात ते या कागदांवरून. म्हणजे तुमच्या हातातलं बुक ही नक्कल आहे, मूळ शीट रोल रेकॉर्ड ऑफिसात आहे. बुक भरताना घाईत दोन ओळी राहून गेल्या असं मी पाहिलेलं आहे. त्यामुळे बुकात नाही म्हणजे रेकॉर्डला नाही असं धरून चालू नका. आधी शीट रोलची प्रत मागवा, मग बाकीचं.

आता तुमच्या वडिलांचा हिशोब. संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात सेवेत असलेल्यांना आहे, त्याला आघाडीवर असण्याची अट नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असणाऱ्या सगळ्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. १९६४ ची भरती म्हणजे रक्षा मेडलही बघा. ५ ऑगस्ट १९६५ ला सेवेत असलेल्या आणि १८० दिवस भरलेल्यांना ते आहे, त्यामुळे भरतीचा महिना महत्त्वाचा. ही तिन्ही पदकं नुसत्या तारखांवर सिद्ध होतात, वाद घालायला जागाच नाही.

पूर्वी स्टार, म्हणजे १९७१ ला पूर्व आघाडीवर असलेल्यांचं पदक, त्याचं तसं नाही. तिथं माणूस ठरवून दिलेल्या युद्धक्षेत्रात होता हे दाखवावं लागतं.

पेठेतला_शहाणा

प्रश्न कडू वाटेल पण विचारतो. यातून मिळणार काय? शौर्यपदक असेल तर सरकार पैसे देतं. ही सगळी सेवा पदकं. पेन्शनीत एक रुपयाची वाढ नाही, घरपट्टीची माफी माजी सैनिक म्हणून मिळते, तिथं पदकं कोण मोजत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला सह्या करायला लावायच्या, ते फलकासाठी?

शिरोळकर

कॅन्टीनचा कोटा पण वाढत नाही. हे आमच्या आण्णांनी सगळ्यात आधी विचारून घेतलं होतं.

गडहिंग्लजची_लेक

@पेठेतला_शहाणा, माझे सासरे गेले तेव्हा तिरंगा आला, गावातले सगळे माजी सैनिक पदकं लावून उभे राहिले आणि सासऱ्यांचा एकही बिल्ला घरात सापडला नाही. सासूबाईंनी त्या दिवशी काही मागितलं नाही. वर्षश्राद्धानंतर मात्र स्वतःहून म्हणाल्या, "त्यांची मेडलं आणा." पैशाचा हिशोब त्यांनाही कळतो.

आमचं काम झालं म्हणून सांगते. सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीत, त्यामुळे रेकॉर्ड बेळगावला. गडहिंग्लजहून एसटीनं संकेश्वरमार्गे जाऊन येता येतं. नोंद होती, पदक इश्यू झालेलं नव्हतं. अर्ज सासूबाईंच्या सहीनं केला, कारण रेकॉर्डला वारस म्हणून त्यांचं नाव. सोबत पीपीओची (पेन्शनीच्या आदेशाची) प्रत, डिस्चार्ज बुकाची प्रत, मृत्यूचा दाखला. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, चहा पाजला. वेळ भरपूर लागला, पण पदक आलं आणि कडेवर सासऱ्यांचा नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं होतं.

एक लक्षात ठेवा. सासूबाईंचं नाव रेकॉर्डला माहेरचं लागलेलं होतं आणि आधार कार्डावर सासरचं. ते जुळवण्यातच अर्धी दमछाक झाली. वडील हयात आहेत तोवर आईचं नाव, जन्मतारीख, सगळं बघून घ्या. पुढं कुटुंब निवृत्तिवेतनालाही तेच आडवं येतं.

पेठेतला_शहाणा

ताई, तुमचं पटलं. पण तिथं सासूबाईंनी मागितलं होतं. इथं वडील नको म्हणतायत.

करवीरचा_पोरगा

नको म्हणत नाहीत, "कशाला" म्हणतात. आमच्या घरात या दोन्हींत फरक आहे. नवीन टीव्हीलाही कशालाच म्हणाले होते, आता रिमोट सोडत नाहीत.

जुनी_नाणी

अवांतर आहे, पण राहवत नाही. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. त्यांचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं. १९७२ च्या दुष्काळात आजीनं ते गुजरीत (सराफ बाजारात) नेऊन आटवलं आणि आत्याच्या लग्नात त्याची जोडवी केली. आत्याच्या पायात बरीच वर्षं पहिलं महायुद्ध होतं.

त्यांची नोंद शोधायचा मी प्रयत्न केला. युद्धात मारले गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत सापडतात. पणजोबा जिवंत परत आले, त्यामुळे त्या यादीत नाहीत.

शिरोळकर

जिवंत आल्याचा तोटा!

आमच्याकडं सैनिक टाकळीत कुणाच्याही घरी जावा, कपाटात पत्र्याच्या डब्यात हे सगळं सापडतंय. पहिल्या युद्धाचं, दुसऱ्या युद्धाचं, कच्छचं, बांगलादेशचं. पण पोरांना विचारलं कुठलं कशाचं, तर डोकं खाजवतात.

रंकाळ्याचा_वारा

आमचे आजोबा राजाराम रायफल्समध्ये होते. कोल्हापूर संस्थान १९४९ ला विलीन झालं, पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली. त्यांचे कागद कुठं शोधायचे? आजोबा विलीनीकरणानंतर लगेच घरी आले, पेन्शन नव्हती.

निवृत्त_हेडक्लार्क

@रंकाळ्याचा_वारा, तुमचं अवघड आहे, खोटी आशा लावत नाही. पेन्शन नसलेल्या जवानांची सेवा कागदपत्रं सेवा संपल्यावर २५ वर्षांनी नष्ट करतात. लाँग रोल नावाची मोठी वही असते, तिच्यात माणसाची थोडक्यात नोंद राहते. बेळगावला नंबर देऊन विचारून बघा. नंबर नसेल तर एकाच नावाचे दहा जण निघतील. आपल्याकडं पाटील किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

धागाकर्त्यांचे वडील पेन्शनर आहेत, त्यामुळे त्यांचे कागद असायला हवेत. बाकीच्यांसाठी: आधी शाखा बघा. सगळ्यांचं रेकॉर्ड बेळगावला नसतं. तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (इंजिनिअर पलटणींचं) खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, महार रेजिमेंटचं सागरला, ईएमईचं (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचं) सिकंदराबादला, आर्मर्डचं (रणगाडेवाल्यांचं) अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. कोल्हापूरचा माणूस म्हणून सगळे बेळगावला अर्ज टाकतात आणि तो परत येतो.

टेंबलाईकर

१०९ टीएवाल्यांनी (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेनेच्या पलटणीतल्यांनी) पण हे वाचावं. टीएमधल्या माणसाची सेवा तुकड्या-तुकड्यांत झालेली असते, कधी बोलावलं, कधी घरी सोडलं. प्रत्येक एम्बॉडिमेंटची (सेवेला बोलावल्याची) तारीख बुकात आहे का बघा, कारण पदकांचे दिवस त्यावरच मोजतात.

माहिती_मिळवा

शीट रोलच्या प्रतीसाठी सरळ माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. साध्या पत्राला बंधन नसतं, हा फरक.

अर्ज वडिलांच्या नावानं आणि सहीनं करा. मुलाच्या नावानं केला तर तिसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती म्हणून नाकारायला कारण मिळतं. आणि "माझ्या वडिलांना मेडल का दिलं नाही" असं विचारू नका. माहिती अधिकारात 'का' ला उत्तर मिळत नाही, कागद मिळतात. असं लिहा: माझ्या शीट रोलची प्रमाणित प्रत, माझ्या नावे प्रसिद्ध झालेल्या पदकविषयक पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि पदकं इश्यू झाल्याची नोंद.

गावचा_एजंट_नाही

आमच्या इथं एकजण "दिल्लीत ओळख आहे, मेडल आणून देतो" म्हणून माजी सैनिकांकडून पैसे घेतो. आणून देतो ते दिल्ली कॅन्टच्या गोपीनाथ बाजारातलं विकतचं मेडल. दिसायला तसंच, कडेवर नाव नाही. म्हाताऱ्यांना वाटतं सरकारनं पाठवलं. एवढी सावधगिरी बाळगा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पुढं पाठवायला पैसे लागत नाहीत.

निवृत्त_हेडक्लार्क

विकतचं मेडल घेणं गुन्हा नाही बरं का. मूळ पदक जपून ठेवून परेडला नक्कल लावणारे पुष्कळ आहेत, आणि पदकं तयार व्हायला उशीर झाला की सेवेतले जवानसुद्धा बाजारातून आणतात. फसवणूक झाली ती सरकारी म्हणून विकल्याची. हक्काची नोंद असेल तर नक्कल लावायला हरकत नाही. नोंद नसताना लावणं मात्र वाईट.

गडहिंग्लजची_लेक

घरच्यांनी लावायची तर उजव्या छातीवर लावतात, ज्याची त्यानं डावीकडं. आम्हाला विजय दिवसाच्या कार्यक्रमात एका सुभेदार साहेबांनी सांगितलं, तोवर सासूबाईंच्या पदराला डावीकडं लावलेलं होतं.

करवीरचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. माहिती अधिकाराचा अर्ज वडिलांच्या सहीनं टाकलाय. सही करताना म्हणाले, "धा रुपये वाया."

दरम्यान आईच्या ट्रंकेत जुनी पत्रं सापडली. १९७१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातल्या आंतर्देशीय पत्रांवर मागं पत्ता "मार्फत ९९ एपीओ" (आर्मी पोस्ट ऑफिस) असा आहे. हा पूर्व आघाडीचा पुरावा धरतील का?

माहिती_मिळवा

पुरावाच की! ९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडचं, ५६ एपीओ म्हणजे पश्चिम आणि उत्तरेचं. जोडून टाका.

निवृत्त_हेडक्लार्क

थांबा. ९९ एपीओनं एवढंच कळतं की माणूस पूर्वेकडच्या भागात होता. त्यात आसाम, नागालँड, सगळं आलं. नागा टेकड्यांत बसलेल्या माणसाचा पत्ताही तोच. पत्रावरचा गोल शिक्का बघा, त्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते. तो नंबर कुठल्या फॉर्मेशनबरोबर (ब्रिगेड, डिव्हिजन) होता यावरून जागा कळू शकते. तरी मी पत्रं शेवटी जोडीन. पहिला पुरावा पोस्टिंगच्या नोंदी.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या काळात वडील स्वतःच्या युनिटातच होते ना? की दुसरीकडं अटॅच, म्हणजे तात्पुरते जोडून दिलेले, होते?

करवीरचा_पोरगा

विचारलं. म्हणाले, "गाडी घिऊन दुसऱ्या पलटणीसंगं हुतो, चारपाच म्हयनं." हे आम्हाला आजवर कधी सांगितलेलंच नाही! कुठली पलटण विचारल्यावर जमालपूरचं नाव काढलं.

निवृत्त_हेडक्लार्क

हेच वाटत होतं. अटॅच माणसाचं असंच होतं. ज्यांच्याबरोबर लढला ते म्हणतात, हा आमच्या रोलवर नाही. ज्यांच्या रोलवर आहे ते म्हणतात, हा तेव्हा इथं नव्हता. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. ड्रायव्हर, सिग्नलवाले, नर्सिंग असिस्टंट, स्वयंपाकी, यांची पदकं जास्त राहतात ती यामुळं. अर्जात अटॅचमेंट हा शब्द ठळक लिहा.

शिरोळकर

जमालपूरला जंगी पलटण हुती, पहिली मराठा. आमच्या तालुक्यातली बरीच माणसं हुती तिथं. तुमच्या आबांना कुणाची नावं आठवतात का विचारा. सोबतच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र चालतंय का हो हेडक्लार्क साहेब?

निवृत्त_हेडक्लार्क

आधार म्हणून जोडावं. नुसत्या त्यावर स्टार मिळेल असं सांगणार नाही. पण साक्ष देणारा हयात असेल तर आत्ताच लिहून घ्या. सगळे एका वयाचे आहेत.

पेठेतला_शहाणा

मी "मिळणार काय" विचारलं होतं, तर इथं पन्नास वर्षं न सांगितलेली गोष्ट बाहेर आली. चालू द्या. मी अजून म्हणतो की सरकारनं हे स्वतःहून शोधून द्यायला पाहिजे, म्हाताऱ्यानं सिद्ध का करायचं? पेन्शन स्पर्शवर (पेन्शनीच्या संगणक प्रणालीवर) आली, सगळे कागद संगणकात भरले, मग संग्राम मेडलसारख्या सरसकट पदकांची यादी काढायला काय अडचण?

माहिती_मिळवा

हा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर.

निवृत्त_हेडक्लार्क

बोलायला सोपं आहे. पेन्शनीचं खातं वेगळं, रेकॉर्ड वेगळं, पदकांचा विभाग दिल्लीत वेगळा. शीट रोल हातानं लिहिलेले, त्यातली काही अक्षरं मी लिहिलेली मलाच लागायची नाहीत.

करवीरचा_पोरगा

बरेच दिवसांनी येतोय. उत्तर आलं, शीट रोलच्या प्रती मिळाल्या.

संग्राम मेडल आणि पंचविसाव्या वर्षाचं मेडल, दोन्हींची नोंद आहे, पार्ट टू ऑर्डरच्या नंबरासह. म्हणजे डिस्चार्ज बुकात उतरवायचंच राहिलं होतं. रक्षा मेडल मात्र नाही. भरती जानेवारी १९६४, म्हणजे १८० दिवस कधीच भरले होते, तरी नाही. पूर्वी स्टारही नाही. पण अटॅचमेंटची एक ओळ आहे, नोव्हेंबर १९७१ पासूनची. शाई पुसट झालीय, युनिटचं नाव अर्धंच लागतं, तारीख वाचता येते.

त्यामुळं आता तीन वेगळे अर्ज केलेत: नोंद असलेल्या दोन पदकांच्या इश्यूसाठी एक, रक्षा मेडलच्या नोंदीसाठी दुसरा, पूर्वी स्टारसाठी तिसरा. तिसऱ्याला त्या ओळीची प्रत, पत्रांवरचे शिक्के आणि शिरोळ तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचं प्रतिज्ञापत्र जोडलंय. ते @शिरोळकर यांच्या ओळखीनं मिळालं. दोघं म्हातारे फोनवर तासभर बोलले, त्यातला बराच वेळ गाडीच्या स्प्रिंगच्या एका तुटलेल्या पाट्यावर.

शिरोळकर

सुभेदार साहेब मला म्हणाले, ड्रायव्हरचं नाव आठवत न्हवतं पण त्यानं गाडी चिखलातनं कशी काढली ते आठवतंय. प्रतिज्ञापत्रात पण तेच लिहा म्हणत हुते. वकिलानं ऐकलं न्हाई.

गडहिंग्लजची_लेक

आणि फलकाचं काय ठरलं?

करवीरचा_पोरगा

ग्रामसेवक म्हणाले, पूर्वी स्टार आत्ताच रंगवून टाकू, कोण विचारतंय. वडिलांनी हाकलून लावलं. "कागूद येईपतूर ल्ह्यायचं न्हाई." शीट रोलवर आहेत ती चार लिहिली, खाली दोन ओळींची जागा सोडायला सांगितलीय. पेंटरनं त्या जागेत स्वतःचा मोबाईल नंबर टाकला होता, तो पुसून घेतला.

निवृत्त_हेडक्लार्क

आबांना माझा रामराम सांगा. स्टारच्या अर्जाची पोच जपून ठेवा, आणि दर पत्रात आधीच्या पत्राचा नंबर व तारीख लिहा. नाहीतर प्रत्येक वेळी नवीन फाईल उघडतात.

उचगावकर

नवीन सदस्य. माझे मामा नौदलात होते, त्यांचंही असंच आहे. बेळगावला अर्ज केला तर चालेल का?

निवृत्त_हेडक्लार्क

नौदलाच्या खलाशांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. मामांचा नंबर शोधून ठेवा आणि नवीन धागा काढा, तिथं बोलू.